दर्यावरची हाक आणि किनाऱ्याचे कान

पनवेलहून रोह्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर आपट्याच्या पुढे जिते नावाचे एक लहानसे स्थानक लागते. रेल्वेच्या वेळापत्रकात त्याला फारसे महत्त्व नाही; परंतु जिते, हमरापूर, जोहे या पेण तालुक्यातील गावांशी महाराष्ट्रातील घराघराचे जिव्हाळ्याचे नाते आहे. भाद्रपदात आपल्या पाटावर विराजमान होणाऱ्या असंख्य गणेशमूर्ती याच पट्ट्यातील कारखान्यांत घडतात. परदेशी स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांसाठी त्यांतील काही मूर्ती उत्सवाच्या कित्येक महिने आधीच पेटीबंद होतात आणि जहाजाने साता समुद्रांपार रवाना होतात. ती पेटी ज्या मालवाहू जहाजावर चढते, ते जहाज आज कोणत्या अक्षांश-रेखांशावर आहे, हे मूर्ती मागविणाऱ्या गृहस्थाला घरबसल्या पडद्यावर पाहता येते. त्या जहाजावरील खलाशी खोल समुद्रातून आपल्या मुलाबाळांशी बोलू शकतो. मात्र त्याच बंदराच्या तोंडाशी असलेल्या करंजा किंवा रेवसच्या कोळीवाड्यातून निघालेली नौका, किनारा वीस-बावीस किलोमीटर मागे पडला की बहुधा मुकी होते. तिच्यावरच्या तांडेलाच्या खिशात फोन असतो, पण त्या फोनला कोणी दाद देत नाही. मातीच्या मूर्तीचा ठावठिकाणा कळावा आणि ती ज्या समुद्रावरून जाते त्याच समुद्रावरच्या जित्याजागत्या माणसाचा कळू नये, ही विसंगती केवळ चमत्कारिक नाही, ती लाजिरवाणी आहे. म्हणूनच आजच्या अग्रलेखासाठी आम्ही हा विषय घेतला आहे.

समुद्रावर बिनतारी इंटरनेट हवे असे म्हटले की शहरी वाचकाच्या डोळ्यांसमोर चैनीची चित्रे उभी राहतात. त्यात त्याचा दोष नाही. मार्च २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट जाऊ लागली. तिच्यातून अलिबागला निघालेल्या आमच्या वाचकांपैकी अनेकांनी भर पाण्यात चित्रफीत अडकल्याबद्दल कुरकुर केली असेल. त्यांची गैरसोय फार तर तासाभराची. पण जो माणूस आठ-दहा दिवसांचा शिधा, डिझेल आणि बर्फ घेऊन खोल समुद्रात जातो, त्याच्यासाठी हा प्रश्न सोयीचा नसून जिवाचा आहे. मोठ्या जहाजांवरील खलाशांच्या बाबतीत जगाने हे तत्त्व मान्यही केले आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २००६ च्या सागरी श्रमिक कराराला भारताने २०१५ साली मान्यता दिली. त्या करारात २०२२ साली सुधारणा झाली आणि २३ डिसेंबर २०२४ पासून ती अमलात आली. जहाजावरील कामगारांना शक्य तेथवर इंटरनेटची सोय द्यावी आणि त्याबद्दल मोल घ्यायचेच झाले तर ते वाजवी असावे, असे ती सांगते. मात्र याच कराराने मासेमारी नौकांना आपल्या कक्षेबाहेर ठेवले आहे. समुद्र एकच, लाटा त्याच आणि वादळही तेच. तरीही पोलादी जहाजावरच्या खलाशाचा संपर्क हा हक्क ठरतो, आणि कोळ्याचा संपर्क हा ज्याच्या-त्याच्या ऐपतीचा भाग!

संपर्काच्या अभावी काय घडते, याचा धडा रायगडच्या किनाऱ्याइतका दुसऱ्या कोणत्याही किनाऱ्याला कठोरपणे मिळालेला नाही. जिते गावापासून जवळच खारपाड्याच्या पुलाखालून पाताळगंगा वाहते. ती धरमतरच्या खाडीला मिळते आणि ती खाडी रेवस व करंजा यांच्या मधून मुंबईच्या समुद्रात उतरते. याच वाटेवर १७ जुलै १९४७ रोजी ‘रामदास’ ही आगबोट बुडाली. भाऊच्या धक्क्यावरून सकाळी निघालेली ही बोट रेवसला पोहोचलीच नाही. काशाच्या खडकाजवळ ती कलंडली आणि सहाशेहून अधिक माणसे समुद्राने गिळली. मुंबईत नभोवाणीचे केंद्र सुरू होऊन त्या वेळी वीस वर्षे होत आली होती. बिनतारी संदेशवहन ही नवलाई राहिली नव्हती. परंतु ‘रामदास’वर बिनतारी यंत्र नव्हते. दुर्घटना सकाळी घडली आणि मुंबईला तिची वार्ता दुपार टळून गेल्यावर, पोहून वाचलेल्यांच्या तोंडून कळली. मधल्या तासांत जी थोडी माणसे वाचली, त्यांतील बहुतेकांना वाचविले ते सरकारी यंत्रणेने नव्हे, तर मासळी घेऊन मुंबईकडे निघालेल्या रेवस भागातील कोळ्यांनी. आपल्या होड्यांतील मासळी पाण्यात लोटून त्यांनी बुडत्यांना जागा करून दिली, असे आजही त्या किनाऱ्यावर सांगितले जाते. ज्यांनी त्या दिवशी मुंबईच्या माणसांना वाचविले, त्यांच्या नातवंडांची हाक ऐकण्याची सोय मुंबईने अद्याप पुरती केलेली नाही.

हा जुना इतिहास झाला, असे कोणी म्हणेल. त्याने गेल्या काही वर्षांतील दोन घटना शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात. जुलै २०२४ च्या अखेरीस धरमतरकडे ये-जा करणारा एक मालवाहू बार्ज खराब हवामानात भरकटून अलिबागच्या कुलाबा किल्ल्याजवळ अडकला. त्याच्यावर १४ माणसे होती. त्यांची खबर किनाऱ्याला होती, त्यांची जागा ठाऊक होती आणि २६ जुलै रोजी तटरक्षक दलाच्या हेलिकॉप्टरने त्या सर्वांना सुखरूप उचलले. बरोबर एक वर्षाने, २६ जुलै २०२५ रोजी, करंजाची एक मासेमारी नौका खांदेरीजवळ उलटली. तिच्यावर आठ जण होते. पाच जणांनी कित्येक तास पोहून सासवण्याचा किनारा गाठला. तिघे परतले नाहीत. दोन्ही अपघात एकसारखे नव्हते, हे आम्हांला मान्य आहे. अडकलेला बार्ज आणि उलटलेली होडी यांत फरक असतो. ते दिवस पावसाळी मासेमारी बंदीचे होते, हेही खरे. परंतु नियम मोडणाऱ्याला दंड करण्याचा अधिकार सरकारला आहे; त्याची हाक न ऐकण्याचा अधिकार कोणालाच नाही. एका नौकेवरील माणसांसाठी आकाशातून दोर खाली येतो आणि दुसऱ्या नौकेवरील माणसांना आपल्या दंडातील बळावरच किनारा गाठावा लागतो, या अंतराचा काही भाग दैवाचा असेल. उरलेला भाग मात्र आपल्या व्यवस्थेचा आहे.

नौकेवर भरवशाचा संपर्क मिळणे इतके अवघड का, हे नीट समजून घेतले पाहिजे. नाही तर चर्चा नुसत्या हळहळीवर संपते. मोबाईल फोनच्या लहरी जवळपास सरळ रेषेत जातात आणि पृथ्वी गोल आहे. किनाऱ्यावरचा मनोरा उंच असला तरी काही अंतरानंतर तो क्षितिजाखाली जातो. शिवाय हे मनोरे गावांकडे आणि रस्त्यांकडे तोंड करून उभारलेले असतात, कारण समुद्रावर ग्राहक विरळ. व्यवहारात दहा-बारा सागरी मैलांनंतर फोन निरुपयोगी होतो. तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ हे मदतीचे क्रमांक कोळीवाड्यांतून सर्वांना ठाऊक आहेत. परंतु जेथे मनोराच दिसत नाही तेथे क्रमांक पाठ असून काय उपयोग? दुसरे साधन म्हणजे व्हीएचएफ संच. त्याची सोळावी वाहिनी संकटाच्या हाकेसाठी राखीव असते, आणि तिचा मोठा गुण हा की एकाने दिलेली हाक आसपासच्या सर्व नौकांना ऐकू जाते. पण याही लहरींना क्षितिजाची मर्यादा आहे. नौकेवरचा संच दुसऱ्या नौकेपर्यंत थोडेच मैल पोहोचतो; किनाऱ्यावरचे केंद्र उंचावर असेल तर आणखी काही मैल.

क्षितिज ओलांडायचे तर आकाशाचा आश्रय घेतला पाहिजे. विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर स्थिर भासणारे उपग्रह ही सेवा अनेक वर्षे देत आहेत. तेथवर प्रश्न जाऊन उत्तर परत येण्यास सुमारे अर्धा सेकंद लागतो, हा मोठा अडथळा नव्हे. खरा अडथळा नौकेच्या हेलकाव्यांचा आहे. डोलणाऱ्या नौकेवरून आकाशातील एका बिंदूवर नेम धरून ठेवण्यासाठी घुमटाखाली फिरणारी, महागडी अँटेना लागते. ती मालवाहू जहाजाला परवडते, डोलकराला नव्हे. अलीकडे सुमारे ५५० किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या शेकडो, हजारो उपग्रहांची साखळी उभी राहिली आहे. त्यांच्यासाठीची अँटेना सपाट पाटासारखी असते; ती स्वतः न फिरता विजेच्या करामतीने आपला किरण वळविते. तिला घरातील पंख्याला लागते तितकी किंवा थोडी अधिक वीज पुरते. म्हणजे विज्ञानाने आपले काम पुष्कळसे केले आहे. उरलेला प्रश्न पैशाचा, परवानगीचा आणि धोरणाचा आहे. त्यासाठी शास्त्रज्ञाकडे नव्हे, राज्यकर्त्यांकडे पाहिले पाहिजे.

सरकारने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. नोव्हेंबर २०१७ च्या अखेरीस ओखी चक्रीवादळाने केरळ व तामिळनाडूच्या मच्छीमारांना खोल समुद्रात गाठले, तेव्हा सूचना देण्याचे साधनच नसल्याचे देशाने पाहिले. त्यांपैकी ६८ नौका ९५२ मच्छीमारांसह थेट आपल्या सिंधुदुर्गात, देवगडच्या आश्रयाला आल्या. त्या येथे सुखरूप आहेत हे कळेपर्यंत तिकडे त्यांच्या घरांवर कोणते दिवस गेले असतील, याची कल्पना करवत नाही. त्या अनुभवानंतर ऑक्टोबर २०१९ मध्ये ‘जेमिनी’ नावाचे उपकरण आले. हैदराबादच्या सागरी माहिती केंद्राने विमानतळ प्राधिकरणाच्या साहाय्याने ते सिद्ध केले. ते वादळाची व मासळीच्या संभाव्य क्षेत्राची माहिती उपग्रहाद्वारे तांडेलाच्या फोनवर उतरविते. परंतु ते केवळ ऐकणारे यंत्र आहे, बोलणारे नव्हे. उलट भारतीय अंतराळ संशोधन संस्थेचे संकट-सूचक यंत्र आधीपासून होते. ते हाक देई, पण ती कोणी ऐकली की नाही हे हाक देणाऱ्याला कळत नसे. ही उणीव ओळखून संस्थेने जानेवारी २०२४ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती जाहीर केली. तिच्यात हाक पोहोचल्याची पोच उलट येते. त्यानंतर ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे पंतप्रधानांच्या हस्ते देशव्यापी नौका-संपर्क योजनेचा प्रारंभ झाला. सुमारे ३६० कोटी रुपये खर्चून एक लाख मासेमारी नौकांवर दुतर्फा संदेश देणारे ट्रान्सपॉन्डर बसवावयाचे, अशी ही योजना आहे. महाराष्ट्राच्या भूमीवर तिचा आरंभ व्हावा, याचा आम्हांला संतोष वाटतो.

परंतु संतोषाने जागरूकता झोपी जाता कामा नये. या ट्रान्सपॉन्डरमधून मोजक्या शब्दांचे संदेश जातात-येतात. संकटात त्यांचे मोल अमूल्य आहे. तरी त्याला पुरता संपर्क म्हणता येणार नाही. शिवाय किती नौकांवर यंत्रे बसविली, या एका आकड्यावर योजनेचे यश मोजण्याची आपल्या कारभाराची खोड जुनी आहे. यंत्र बसविणे म्हणजे संपर्क देणे नव्हे. १९१२ साली ‘टायटॅनिक’ बुडाली तेव्हा तिच्यावर बिनतारी यंत्र होते आणि ते उत्तम चालतही होते. तिची हाक अठ्ठावन्न मैलांवरच्या ‘कार्पेथिया’ने ऐकली आणि सातशेच्या आसपास जीव वाचले. तिच्याहून पुष्कळ जवळ असलेल्या ‘कॅलिफोर्नियन’वरचा एकुलता एक बिनतारी कर्मचारी मात्र यंत्र बंद करून झोपी गेला होता. यंत्र दोन्हीकडे होते. कान एकाच ठिकाणी होता. म्हणूनच १९१४ च्या आंतरराष्ट्रीय सागरी परिषदेने यंत्रांबरोबरच अखंड ऐकत राहण्याच्या बंधनाचाही आग्रह धरला. भरवशाचा संपर्क या शब्दांचा खरा अर्थ हा आहे. वेग किती, यापेक्षा पलीकडे कोणी आहे काय आणि तो आपली भाषा समजतो काय, हे प्रश्न बुडणाऱ्याच्या दृष्टीने मोठे आहेत. मध्यरात्री खवळलेल्या समुद्रातून आलेला कोळी बोलीतील संदेश वाचून त्याचा अर्थ तत्काळ लावणारा माणूस किनाऱ्यावर जागा नसेल, तर उपग्रह कितीही उंच असला तरी व्यर्थ होय.

येथे आणखी एका नाजूक मुद्द्याला हात घातलाच पाहिजे. सरकारला जो संपर्क सर्वांत प्रिय आहे तो नजर ठेवण्याचा, आणि त्याला कारणही आहे. २००८ च्या नोव्हेंबरात मुंबईवर चालून आलेले दहशतवादी ‘कुबेर’ या पळविलेल्या मासेमारी नौकेतूनच आले होते. तेव्हापासून नौकांवर रंगांच्या खुणा, मच्छीमारांना ओळखपत्रे, वीस मीटरहून लांब नौकांना स्वयंचलित ओळख-यंत्रे, असे उपाय होत आले. जुलै २०२५ मध्ये रेवदंड्याजवळ कोर्लईच्या समुद्रात संशयास्पद नौका दिसल्याच्या वार्तेने साऱ्या रायगडची झोप उडाली. पोलीस, तटरक्षक दल व नौदल शोधाला लागले. अखेरीस ती नौका नसून, एका पाकिस्तानी मासेमारी नौकेच्या जाळ्यावरचा, ठावठिकाणा सांगणारा बोया वाहत आला होता, असे निष्पन्न झाले. एका निर्जीव बोयाच्या संकेताने संपूर्ण किनारा जागा होऊ शकतो, ही गोष्ट आमच्या सुरक्षा यंत्रणेला भूषणावह आहे. आमचे मागणे इतकेच की, जिवंत माणसाच्या संकेतानेही तो तितक्याच त्वरेने जागा व्हावा.

नजर ठेवणारे यंत्र आणि मदत देणारे यंत्र एकच असेल, तर ते वापरणाऱ्याच्या मनात संशय येणारच. मासळी कोठे सापडते हे तांडेलाचे पिढीजात धन असते; आपली जागा स्पर्ध्यांना कळेल, किंवा हद्द ओलांडल्याबद्दल घरी दंडाची नोटीस येईल, अशी भीती त्याला वाटली तर तो यंत्राची वायर काढून ठेवील. मग संकटाच्या घटकेला ती वायर जोडलेली नसेल. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने विशेष आर्थिक क्षेत्रातील मासेमारीसाठी नवे नियम जारी करून ट्रान्सपॉन्डरवर भर दिला आणि यांत्रिक व मोठ्या नौकांसाठी ऑनलाईन प्रवेशपत्राची पद्धत आणली. शिस्त हवी, याबद्दल दुमत नाही. परंतु नौकेच्या जागेची माहिती कोण पाहील, किती काळ ठेवील आणि कोणत्या कामासाठी वापरील, हे नियमांतच स्वच्छ शब्दांत लिहिलेले असले पाहिजे. देशात २०२३ पासून वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा आहे. त्याची छाया किनाऱ्यापाशी संपता कामा नये. विश्वास हा या यंत्रणेचा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत आवश्यक भाग आहे.

संपर्काचा लाभ संकटापुरताच असतो असेही नाही. उत्तर केरळच्या किनाऱ्यावर १९९७ ते २००१ या काळात टप्प्याटप्प्याने मोबाईल सेवा आली, तेव्हा तेथील तारलीच्या व्यापारात काय बदल झाले याचा रॉबर्ट जेन्सन या अर्थशास्त्रज्ञाने अभ्यास केला. पूर्वी एका बंदरावर गिऱ्हाईक नाही म्हणून मासळी फेकली जाई आणि शेजारच्या बंदरावर गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परते. फोन आल्यावर नौका समुद्रातूनच भाव विचारू लागल्या. नासाडी जवळजवळ थांबली, मच्छीमारांचा नफा सुमारे ८ टक्क्यांनी वाढला आणि ग्राहकाला मासळी सुमारे ४ टक्क्यांनी स्वस्त मिळू लागली. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, हे उपग्रहाने घडले नाही. किनाऱ्याजवळ उभारलेल्या साध्या मनोऱ्यांनी वीस-पंचवीस किलोमीटरच्या समुद्रावर छत्र धरले, एवढ्यानेच ते घडले. ससून गोदीच्या लिलावात उभ्या राहणाऱ्या कोळिणीला आणि ती मासळी घरी आणणाऱ्या आमच्या वाचकाला, दोघांनाही या उदाहरणात रस वाटावा. आणि भाव विचारण्यापलीकडेही एक गोष्ट आहे. आजारी बापाची चौकशी करावी, मुलीच्या परीक्षेचा निकाल ऐकावा, एवढे सुख दहा दिवस समुद्रावर राहणाऱ्या माणसाला मिळू नये, असे त्याने कोणते पाप केले आहे? फोनच्या नादाने खलाशांचे कामातील लक्ष उडेल, असा आक्षेप आम्ही ऐकतो. हाच आक्षेप गिरणीत, कचेरीत आणि शाळेतही घेता येईल. तेथे आपण नियम केले, फोनचे मनोरे पाडले नाहीत.

आता आकाशातील नव्या सेवेचा विचार करू. स्टारलिंक या अमेरिकी कंपनीला २०२५ मध्ये भारताच्या दूरसंचार खात्याचा परवाना मिळाला, आणि ५ नोव्हेंबर २०२५ रोजी महाराष्ट्र शासनाने तिच्याशी इरादापत्र केले. गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव व वाशिम या जिल्ह्यांतील दुर्गम भागांना व शासकीय संस्थांना जोडणे हा त्याचा प्रमुख हेतू सांगण्यात आला. तो स्तुत्य आहे. परंतु दुर्गम या शब्दाचा अर्थ केवळ डोंगर आणि जंगल एवढाच का घ्यावा? किनाऱ्यापासून चाळीस मैलांवरचा समुद्र भामरागडइतकाच दुर्गम आहे, आणि तेथे महाराष्ट्राचीच माणसे राबत असतात. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने मे २०२५ मध्ये उपग्रह सेवेच्या आकारणीबद्दल शिफारशी केल्या, तेव्हा शहरी ग्राहकामागे वर्षाला ५०० रुपयांचा जादा भार सुचविला आणि ग्रामीण ग्राहकाला त्यातून वगळले. मग समुद्र शहरी समजावा की ग्रामीण, असा प्रश्न आम्ही विचारला तर तो विनोद मानला जाऊ नये. या धोरणाच्या चर्चेत समुद्रावरचा लहान माणूस फारसा कोणाच्या ध्यानात आलेला दिसत नाही. नौकांवरील व विमानांतील इंटरनेटसाठी २०१८ सालीच नियम झाले आणि परवानाधारक कंपन्यांनी सेवाही सुरू केल्या. पण त्या जहाजांसाठी, होड्यांसाठी नव्हेत. एकाच परदेशी कंपनीच्या मर्जीवर किनाऱ्याचा जीव टांगून ठेवणेही शहाणपणाचे होणार नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये इंटरनेट सेवेसाठी सोडलेल्या ‘जीसॅट-एन-२’सारख्या आपल्या उपग्रहांचा वाटा या कामात असला पाहिजे, आणि संकटाची हाक ही तर सर्वस्वी सार्वजनिक यंत्रणेच्याच हाती राहिली पाहिजे.

हा खर्च कोणी करावयाचा? याचे उत्तर खांदेरीच्या बेटावर १८६७ पासून उभे आहे. तेथील दीपगृहाचा प्रकाश जसा परदेशी जहाजाला मिळतो तसाच थळच्या होडीलाही मिळतो. होडीवाल्याकडे त्याचे कोणी बिल पाठवीत नाही. मोठ्या जहाजांकडून बंदरात शुल्क घेतले जाते आणि त्यातून दिवा तेवत राहतो. १९२७ च्या दीपगृह कायद्याने घालून दिलेली ही रीत २०२१ च्या नव्या कायद्यातही टिकली आहे. आमचे म्हणणे असे की, बिनतारी संपर्क हे या युगाचे दीपगृह आहे. दिव्याचा प्रकाश जसा आपण बाजारात विकला नाही, तसा संकटाच्या वेळचा संपर्कही विकता येणार नाही. करमणुकीसाठी ज्याला अधिक हवे त्याने त्याचे मोल द्यावे. पण किमान संपर्क हा प्रकाशासारखा सर्वांचा असावा, आणि त्याचा भार मोठ्या जहाजांवरील शुल्कातून उचलला जावा.

या तत्त्वाला धरून काही गोष्टी ताबडतोब करता येतील. खांदेरी, कोर्लई आणि तत्सम उंच जागांवरून समुद्राकडे तोंड केलेले मनोरे उभारावेत, म्हणजे पहिल्या पंचवीस-तीस किलोमीटरचा प्रश्न कमी खर्चात सुटेल. त्यापुढे जाणाऱ्या नौकांना मच्छीमार सहकारी संस्थांमार्फत उपग्रह-संच भाड्याने मिळावेत. जिल्ह्यात असे एक केंद्र असावे की जेथे रात्रंदिवस मराठी व कोळी बोली जाणणारा माणूस बसलेला असेल. दरमहा किती हाका आल्या, त्यांना किती मिनिटांत उत्तर गेले आणि किती अनुत्तरित राहिल्या, याचा हिशेब त्याने प्रसिद्ध करावा. ऑगस्टमध्ये हंगाम उघडण्यापूर्वी प्रत्येक बंदरात यंत्रांची चाचणी व्हावी, आणि भाऊचा धक्का, रेवस, मांडवा या मार्गांवरील प्रत्येक प्रवासी बोटीवर चालू संच व तो वापरता येणारा माणूस असल्याखेरीज तिला धक्का सोडू देऊ नये. यांतील एकही गोष्ट अशक्य नाही. अशक्य आहे ते एवढेच, की या गोष्टी न करता पुढच्या दुर्घटनेनंतर आपण सद्सद्विवेकाने शोक व्यक्त करावा.

थोड्याच महिन्यांनी जिते आणि हमरापूरच्या कारखान्यांतून मूर्ती निघतील. त्यांतील काही सागर ओलांडतील, त्यांचा क्षणाक्षणाचा प्रवास कळेल आणि त्या ठरलेल्या दिवशी परक्या देशातील मराठी घरी पोहोचतील. येथे अनंत चतुर्दशीला आपण त्याच देवतेला समुद्राच्या स्वाधीन करून ‘पुढच्या वर्षी लवकर या’ अशी विनवणी करू. गिरगावच्या चौपाटीवर गर्दी होईल तेव्हा मोठ्या मूर्ती खोल पाण्यात नेण्यासाठी आणि कोणी बुडू लागला तर त्याला काढण्यासाठी कोळी बांधवच आपल्याला लागतील. ‘रामदास’च्या दिवशी तेच लागले होते. आपली हाक त्यांनी नेहमीच ऐकली आहे. आता त्यांची हाक ऐकण्याची पाळी आपली आहे.